जुन्या गाडीचा थर्मोस्टॅट: आधी खात्री, मग पाना, शेवटी हवा

गाडी गरम व्हायला लागली की पहिला संशय रेडिएटरवर, दुसरा वॉटर पंपावर. थर्मोस्टॅटचं नाव निघतं ते बहुतेक वेळा "काढूनच टाका ना, नाहीतरी काय उपयोग आहे त्याचा" या सल्ल्यासोबत. हा सल्ला चुकीचा आहे. थर्मोस्टॅट बदलणं म्हणजे दोन-तीन बोल्ट आणि एक होज पाइप, एवढंच काम. खरी डोकेफोड असते ती आधी आणि नंतर: दोष थर्मोस्टॅटचाच आहे याची खात्री करणं, आणि नवा बसवल्यावर आत अडकलेली हवा पूर्ण काढणं. बहुतेक बिघाड या दोन टोकांनाच होतात, म्हणून या लेखात मधल्या पाना चालवण्यापेक्षा तिथे जास्त वेळ दिला आहे.

तो आत बसून करतो काय

इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट रेडिएटरची वाट बंद ठेवतो. कूलंट तेवढ्यात वॉटर पंप, ब्लॉक, सिलिंडर हेड आणि हीटर यांच्यातच फिरत राहतं आणि इंजिन लवकर तापतं. थर्मोस्टॅटच्या मधोमध एक लहान धातूची डबी असते. तिच्यात खास प्रकारचं मेण भरलेलं असतं. ठरावीक तापमानाला मेण वितळून फुगतं, एका पिनवर दाब देतं, आणि स्प्रिंगच्या जोराविरुद्ध झडप उघडते. गार झालं की स्प्रिंग झडप परत बंद करते. वीज नाही, वायर नाही.

थर्मोस्टॅटवर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. ते झडप उघडायला सुरुवात होण्याचं तापमान, अंश सेल्सिअसमध्ये. पूर्ण उघडायला त्यावर आणखी १० ते १५ अंश लागतात. म्हणजे गाडी चालत असताना झडप बहुतेक वेळ अर्धवट उघडी राहून पुढेमागे होत असते.

आता तो काढून टाकण्याबद्दल. थर्मोस्टॅट नसलेलं इंजिन उशिरा तापतं, हलक्या वापरात तर धड तापतच नाही. मिश्रण जास्त वेळ पेट्रोलप्रधान राहतं, न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरून ऑइलमध्ये उतरतं, ऑइलमधली वाफ उडून जात नाही आणि झाकणाखाली पिवळट चिखल साचतो. दुसरी गोष्ट फार जणांना ठाऊक नसते. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅटच्या खालच्या बाजूला आणखी एक चकती असते. मुख्य झडप उघडली की ही चकती बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून परत इंजिनात जाणारी, वाट बंद करते. थर्मोस्टॅटच काढला तर बायपास कायमचा उघडा राहतो, बरंचसं गरम कूलंट रेडिएटरला न शिवता परत इंजिनात जातं, आणि चढावर गाडी पूर्वीपेक्षा जास्त गरम होते. ज्या कारणासाठी काढला, त्याच्या नेमकं उलट.

दोष कोणाचा?

थर्मोस्टॅट तीन प्रकारे बिघडतो. बंद अवस्थेत अडकला तर गाडी सुरू केल्यावर थोड्याच वेळात तापमानाचा काटा लाल पट्टीकडे धावतो आणि रेडिएटर मात्र गारच असतो. उघड्या अवस्थेत अडकला तर ट्रॅफिकमध्ये काटा ठीक दिसतो, मोकळ्या रस्त्यावर वेग घेतला की खाली येतो, हीटरची हवा कोमट लागते आणि पेट्रोल जास्त जातं. तिसरा प्रकार चकवणारा आहे: झडप उघडते, पण अर्धीच. गावात फिरताना काहीच जाणवत नाही, भरलेली गाडी चढावर घेतली की काटा वर. उघड्या अवस्थेत अडकलेल्या थर्मोस्टॅटकडे लोक वर्षानुवर्षं दुर्लक्ष करतात, कारण गाडी रस्त्यात थांबत नाही.

साधी तपासणी हाताने होते. मात्र आधी होज पाइप कुठून कुठे जातात ते बघून घ्या. बऱ्याच जुन्या गाड्यांत थर्मोस्टॅट इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वरच्या होजच्या तोंडाशी असतो. काही गाड्यांत तो पंपात शिरणाऱ्या खालच्या होजपाशी बसवलेला असतो, आणि तिथे खालचा होज बघावा लागतो. वरच्या होजपाशी असेल तर पूर्ण गार इंजिन सुरू करा आणि दर मिनिटाला होजला हात लावा. चांगला थर्मोस्टॅट असेल तर होज बराच वेळ गार राहतो आणि काटा मधोमध आल्यावर थोड्या वेळात एकदम तापतो. पहिल्या दोन मिनिटांतच होज हळूहळू कोमट व्हायला लागला तर झडप उघडी अडकली आहे. काटा लाल पट्टीजवळ आणि होज अजून गार, तर ती बंद अडकली असण्याची शक्यता दाट. हे करताना बाह्या वर, मफलर किंवा ओढणी बाजूला. इलेक्ट्रिक फॅन चावी बंद असतानाही सुरू होऊ शकतो.

लांबून तापमान मोजणारी इन्फ्रारेड बंदूक असेल तर काम सोपं. फक्त चकचकीत ॲल्युमिनियमवर ती आकडा खूप कमी दाखवते. हाउसिंगवर, म्हणजे थर्मोस्टॅट ज्या धातूच्या आवरणाखाली बसतो त्यावर, काळ्या टेपचा एक तुकडा चिकटवा आणि त्यावर नेम धरा.

थर्मोस्टॅटवर ठपका ठेवण्याआधी काही गोष्टी वगळाव्या लागतात. कूलंटची पातळी, फॅनचा पट्टा, इलेक्ट्रिक फॅन सुरू होतो का, रेडिएटर कॅपचं रबर. काटा गरम दाखवतोय आणि हीटरमधून गार हवा येतेय, तर कूलंट कमी आहे किंवा आत हवा अडकली आहे. बंद अडकलेल्या थर्मोस्टॅटमध्ये सहसा असं होत नाही, कारण हीटरचा फेरा बहुतेक गाड्यांत थर्मोस्टॅटवर अवलंबून नसतो. गार इंजिन सुरू केल्यावर एक-दोन मिनिटांतच वरचा होज दगडासारखा कडक झाला, तर हेड गॅस्केट (ब्लॉक आणि सिलिंडर हेड यांच्यामधलं सील) बघा. इतक्या लवकर कूलंट तापून दाब वाढू शकत नाही, तो दाब सिलिंडरमधला असतो.

आणि एक खास जुन्या गाड्यांचा घोळ. अनेक गाड्यांत पेट्रोलचा आणि तापमानाचा असे दोन्ही काटे एकाच लहान व्होल्टेज स्टॅबिलायझरवर चालतात. तो बिघडला की दोन्ही काटे वर चढतात. गाडी गरम दाखवतेय आणि टाकीत असेल त्यापेक्षा जास्त पेट्रोलही दाखवतेय, तर डॅशबोर्डच्या मागे हात घाला, बोनेट उघडू नका. बरेच लोक इथे फुकट थर्मोस्टॅट बदलतात.

नवा थर्मोस्टॅट आणि भांड्यातली परीक्षा

गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या तापमानाचाच थर्मोस्टॅट घ्या. "गरम होते म्हणून कमी तापमानाचा टाकू" यात अर्थ नाही. ८२चा टाकला तरी रेडिएटर तुंबलेला असेल तर गाडी तेवढीच गरम होणार, कारण पूर्ण उघडल्यावर दोन्ही थर्मोस्टॅट सारखेच. व्यास, उंची, खाली बायपासची चकती आहे की नाही, आणि कडेला हवा सोडणारी लहानशी हलती पिन आहे की नाही, हे जुन्याशी ताडून बघा. सोबत नवं गॅस्केट किंवा रबरी रिंग घ्यायचीच. जुनी परत वापरायची नाही.

नवा म्हणजे चांगला, असं धरून चालू नका. बसवण्याआधी गार पाण्यात ठेवून ते पाणी तापवत तपासायला पाव तास लागतो, आणि तो न तपासता बसवला व खराब निघाला तर सगळं काम पुन्हा. यासाठी एक जुनं भांडं कायमचं बाजूला ठेवा; जुना थर्मोस्टॅटही त्यातच तपासायचा आहे, त्यामुळे नंतर ते स्वयंपाकाला वापरू नका. थर्मोस्टॅट दोऱ्याने टांगा, तळाला टेकू देऊ नका, कारण तळ पाण्यापेक्षा गरम असतो. जवळच थर्मामीटर सोडा, तोही तळाला न टेकता. दोरा बांधण्याऐवजी झडप बोटांनी किंचित उघडून तिच्या फटीत दोरा अडकवला तर आणखी बरं: झडप उघडायला लागली की थर्मोस्टॅट दोऱ्यावरून आपोआप निसटून खाली पडतो. त्या क्षणी थर्मामीटर वाचा. कोरलेल्या आकड्याच्या दोन-तीन अंश इकडेतिकडे असेल तर ठीक.

मग पाणी उकळीपर्यंत नेऊन झडप किती उघडते ते मोजा. बहुतेक गाड्यांत ८ मिलिमीटरच्या आसपास अपेक्षित असते. अचूक आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. ८ मिलिमीटरचं ड्रिल बिट चिमट्याने फटीत धरून बघितलं की झालं. शेवटी गॅस बंद करून झडप पूर्ण मिटते का ते बघा. ही पायरी लोक गाळतात, आणि उघडी अडकणारी झडप नेमकी इथेच सापडते. तुम्ही समुद्रसपाटीपासून बरेच उंचावर राहत असाल तर पाणी १०० अंशांच्या आधीच उकळतं, १५०० मीटरवर सुमारे ९५ला. तिथे ८८चा थर्मोस्टॅट भांड्यात पूर्ण उघडलेला दिसणार नाही. तो खराब नसतो.

उतरवणं

इंजिन पूर्ण गार पाहिजे, म्हणजे रात्रभर उभी गाडी. कॅपमुळे आतला दाब बाहेरच्यापेक्षा साधारण ०.९ बारने जास्त असतो आणि त्यामुळे कूलंट १०० अंशांच्या बरंच वर जाऊनही उकळत नाही. गरम असताना कॅप फिरवली की दाब एकदम जातो आणि तेच कूलंट क्षणात उकळून तोंडावर येतं. कपडा धरून, हळूच वगैरे काही नाही. गार होईपर्यंत हात लावायचा नाही.

बॅटरीची ऋण तार काढा. खाली घमेलं ठेवून कूलंट थर्मोस्टॅट हाउसिंगच्या पातळीखाली जाईल इतकंच काढा, सगळं नको (बदलायची मुदत झाली असेल तर सगळंच काढा). रेडिएटरची तोटी जुनी असून फिरत नसेल तर तिच्याशी कुस्ती खेळू नका, खालचा होज सोडवा. काढलेलं कूलंट उघड्यावर ठेवायचं नाही. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं ते चाटतात, आणि थोड्याशानेही मरतात. मुलांच्या हातालाही ते लागता कामा नये.

होज ओढू नका, आधी पिळा. वर्षानुवर्षं चिकटलेला होज जोराने ओढला की रेडिएटरचं नळकांडं तुटतं, आणि मग पन्नास पट मोठं काम अंगावर येतं. पिळूनही सुटला नाही तर सरळ कटरने लांबीत चिरा. नवा होज परवडतो.

आता बोल्ट. ॲल्युमिनियमच्या हाउसिंगमध्ये लोखंडी बोल्ट, वर ओलावा: दोन धातूंमध्ये गंज धरून बोल्ट एकजीव झालेले असतात. आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सहा बाजूंचा सॉकेट वापरा, बारा बाजूंचा निसटतो. आधी किंचित घट्ट करायच्या दिशेने, मग सैल करायच्या दिशेने. पाव वळसा पुढे, पाव मागे, पुन्हा तेल. इथे लक्ष हातावर ठेवा. बोल्ट सुटतो तेव्हा एक कोरडा "कट" असा आवाज येतो आणि पाना मोकळा फिरतो. तो आवाज न येता पाना लवचिक, रबरासारखा वळायला लागला तर थांबा. बोल्ट सुटत नाहीये, पिळला जातोय, आणि पुढच्या जोराला तुटणार. हीट गनने हाउसिंग तापवा, गार होऊ द्या, पुन्हा तेल, पुन्हा प्रयत्न. हे दोन-तीनदा केलं की बहुतेक बोल्ट येतात. तरीही तुटलाच तर हाउसिंग काढल्यावर उरलेलं टोक लॉकिंग प्लायरने धरता येतं. टोक आतच राहिलं असेल तर घरी ड्रिल चालवू नका. ड्रिल मऊ ॲल्युमिनियमकडे सरकतं आणि आटे जातात. ते वर्कशॉपचं काम.

बोल्ट बहुधा वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर हाउसिंगचा आकार काढा आणि जो बोल्ट जिथला, तिथेच पुठ्ठ्यात खोचून ठेवा. हाउसिंग चिकटलं असेल तर कडेने लाकडी हातोडीने हलके टोले द्या. फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. त्याने पडलेला ओरखडा पुढे गळतीची वाट होतो. थर्मोस्टॅट उचलण्याआधी मोबाइलवर एक फोटो: कोणती बाजू आत, पिन कुठे.

पृष्ठभाग

ब्लॉकच्या उघड्या तोंडात आधी फडकं कोंबा, नाहीतर गॅस्केटचे तुकडे आत पडतील. जुनं गॅस्केट प्लॅस्टिकच्या किंवा पितळी खरवडणीने काढा. हाउसिंगचा मुखभाग जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून त्यावर इंग्रजी आठच्या आकारात फिरवा. काही फेऱ्यांनंतर सगळीकडे सारखी चमक आली तर सपाट आहे. मध्ये काळे डाग राहिले तर तिथे खड्डा आहे. उथळ असेल तर घासून जातो, खोल असेल तर हाउसिंग नवं घ्या.

थर्मोस्टॅटची कड ज्या खाचेत बसते ती खाच सगळ्यात महत्त्वाची. तिच्यात गंजाची पापडी राहिली तर कड वर उचलून राहते, आणि बोल्ट आवळताना हाउसिंगचा कान (बोल्टचं भोक असलेला भाग) तडकन तुटतो. खाच छोट्या स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने पूर्ण गोल खरवडा. मग नवा थर्मोस्टॅट ठेवून बोट फिरवा. कड भोवतालच्या पातळीवर लागली पाहिजे.

बसवणं

स्प्रिंग आणि मेणाची डबी इंजिनाच्या बाजूला, गरम कूलंटमध्ये. उलटा बसवला तर डबीला उष्णता नीट पोचत नाही आणि झडप वेळेवर उघडत नाही. हवेची पिन असेल तर ती सर्वांत वरच्या जागी, कारण हवा वर जमते. उभ्या हाउसिंगमध्ये थर्मोस्टॅट खाचेतून घसरतो. तीन ठिकाणी ग्रीसचे ठिपके देऊन चिकटवा.

कागदी गॅस्केटला सीलंट लावायचंच तर अगदी पातळ थर. जाड लावलं की जास्तीचं आत पिळून निघतं, सुटून हीटरच्या बारीक नळ्यांत अडकतं. रबरी रिंगला सीलंट अजिबात नको, कूलंटने ओली करून बसवा. बोल्टचे आटे वायर ब्रशने साफ करून थोडं अँटी-सीझ (आटे अडकू नयेत म्हणून लावायची पेस्ट) लावा. पुढच्या वेळी पाना धरणारा दुवा देईल, आणि तो बहुधा तुम्हीच असाल. बोल्ट थेट कूलंटच्या पोकळीत उतरत असतील तर अँटी-सीझऐवजी आट्यांवर सीलंट.

आवळताना आळीपाळीने, थोडं थोडं. मॅन्युअलमधला आकडा मिळाला तर तोच पाळा. नसेल तर ६ मिलिमीटर बोल्टला साधारण ८ ते १० न्यूटन-मीटर. ते हाताला फारच कमी वाटतं. लांब दांड्याच्या पान्याने मोडलेले कान याच गैरसमजातून मोडलेले असतात.

भरणं आणि हवा काढणं

निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. नळाच्या पाण्यातल्या क्षारांचा थर बसतो. वेगवेगळ्या प्रकारची कूलंट एकत्र करू नका आणि रंगावर जाऊ नका; रंग प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने ठरवते. बाटलीवरचं रसायन वाचा.

शक्य असेल तर गाडीचं नाक थोडं चढावर ठेवा, म्हणजे रेडिएटरचं तोंड सर्वांत उंच राहील. हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा. हीटरची कळ पूर्ण गरमवर, कारण जुन्या गाड्यांत गारवर असताना हीटरची झडप बंद असते आणि तिथली हवा तिथेच राहते. हवा काढायचा स्क्रू असेल तर सैल करा. मग कूलंट बारीक धारेने ओता. घाईने ओतलं की तोंडातून भरल्यासारखं वाटतं आणि आत थर्मोस्टॅटखाली हवेचा मोठा कप्पा अडकून राहतो. स्क्रूमधून बुडबुडे थांबून सलग धार आली की तो बंद करा.

आता कॅप न लावता इंजिन सुरू करा आणि मंद गतीवर ठेवा. (ज्या गाड्यांत कॅप दाबाच्या प्लॅस्टिक टाकीवर असते, त्यांत बहुधा टाकी खुणेपर्यंत भरून कॅप लावूनच चालवायचं असतं. मॅन्युअल बघा.) सुरुवातीला पातळी थोडी वर येते. जाड हातमोजे घालून वरचा होज अधूनमधून दाबा, बुडबुडे निघतील. मग थर्मोस्टॅट उघडतो तो क्षण येतो: पातळी एकदम खाली जाते, कधी एखादा मोठा फुगा भसकन फुटतो, आणि वरचा होज तापतो. त्याच वेळी कूलंट घालत राहायचं. तोंडावर वाकून बघू नका, त्या फुग्याबरोबर गरम कूलंट उडतं. इलेक्ट्रिक फॅन दोनदा सुरू होऊन बंद झाला, हीटरची हवा चांगली गरम येतेय आणि बुडबुडे थांबले, की कॅप लावा.

डॅशबोर्डच्या मागून खळखळ ऐकू येत असेल किंवा काटा उड्या मारत असेल तर हवा अजून आहे. इंजिन बंद करून पूर्ण गार होऊ द्या आणि ही पायरी पुन्हा करा. काही गाड्या दोन-तीन फेऱ्यांशिवाय ऐकत नाहीत, त्यात तुमची चूक नाही.

पुढे

थर्मोस्टॅटची वेगळी देखभाल नसते. कूलंटची देखभाल तीच त्याची. जुन्या प्रकारचं कूलंट साधारण दोन वर्षांनी बदला, कारण त्यातली गंजरोधकं संपतात आणि गंजाची भुकटी झडपेच्या बैठकीत जाऊन बसते. गळती थांबवणाऱ्या पावडरी आणि द्रव्यांपासून लांब राहा. ती गळतीइतकीच तत्परतेने थर्मोस्टॅट आणि हीटरही बुजवतात. गाडी एकदा जोरात ओव्हरहीट झाली असेल तर थर्मोस्टॅट चांगला दिसला तरी बदला. वॉटर पंप किंवा होज बदलायला कूलंट काढलंच आहे, तर त्याच हाताने हाही.

बदलल्यानंतरच्या पहिल्या फेरीत जवळच राहा आणि काट्यावर लक्ष ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी, गार इंजिनावर, पातळी तपासून कमी असेल तेवढं भरा. होजच्या क्लिप एकदा पुन्हा आवळा, कारण तापून-गार होऊन रबर थोडं दबतं. हाउसिंगच्या खालच्या कडेवर कोरडं बोट फिरवा. ओलं लागलं किंवा वाळलेल्या कूलंटची पांढरट-हिरवट रेघ दिसली, तर बोल्ट आणखी आवळून ती थांबेल अशी आशा करू नका; हाउसिंग उतरवून गॅस्केट पुन्हा बसवा.